सही कोणाची, काम कोणाचं? एआय आणि नागपूरचा पांढरपेशा वर्ग

सिव्हिललाइन्स (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी दिवाणी बाजूची वकिली करतो. भूसंपादन, वाटणी, ताबा, घरमालक-भाडेकरू. एरवी इथे वाचनमात्र असतो, पण परवा बार रूममध्ये ज्या विषयावरून तणातणी झाली तो इथे मांडावासा वाटला.

यंदा मी ज्युनियर घेतला नाही. आजवर दरवर्षी लॉ कॉलेजातून एखादा पोरगा नाहीतर पोरगी घ्यायचो. त्यांची कामं ठरलेली: निवाडे शोधणं, दाव्याचा कच्चा मसुदा, साक्षीचा गोषवारा आणि सगळ्यात किचकट म्हणजे तारखांची यादी. भूसंपादनाच्या एका प्रकरणात सातबारे, फेरफार, अधिसूचना, नोटिसा, पंचनामे, जुने निवाडे असा ढीग असतो. त्यातून कोणत्या दिवशी काय झालं हे क्रमाने लावायचं. ज्युनियरला त्यात आठवडा जायचा. आता कागद स्कॅन करून एआयला दिले की चहा संपायच्या आत यादी समोर येते. फेरफार क्रमांक कधी चुकतो, हस्तलिखित पंचनाम्यात गडबड होते, म्हणून अर्धा दिवस मी स्वतः तपासतो. पण तपासावं तर ज्युनियरचंही लागायचंच.

"एआय वकिलांना खाणार" असं जे चाललंय त्यात मला अर्धंच तथ्य दिसतं. मला ते इतक्यात खात नाही, कारण मला कायद्याचं कवच आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे सनद माणसाला मिळते आणि वकालतनाम्यावर सही माणसाची लागते. सीएचं तेच, १९४९ चा कायदा आणि आता प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा वेगळा ओळख क्रमांक. गफलत झाली तर मान सहीवाल्याची जाते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे दाखल झाले (माटा विरुद्ध एव्हियांका), तेव्हा ५,००० डॉलरचा दंड वकिलांवर आणि त्यांच्या फर्मवर बसला. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एक आयकर आकारणी रद्द केली, कारण अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. जोवर कुणाची तरी मान हवी आहे, तोवर सहीवाल्याला मरण नाही.

पण माझ्या सहीखाली जो कागद असतो तो आजवर पाच-सहा हातांतून यायचा. ज्युनियर, कारकून, टायपिस्ट, भाषांतर करणारी बाई. सीएकडे आर्टिकल (म्हणजे उमेदवारी करणारी पोरं) आणि अकाउंटंट. ह्यांना कुठलाच कायदा राखत नाही. वकिलाचं ऑफिस दुकाने-आस्थापना कायद्यात मोडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात १९८४ सालीच म्हटलंय.

आता मुद्दा. पूर्वी सहीवाले आणि बिनसहीवाले हे दोन वर्ग नव्हतेच, एकाच जिन्याच्या पायऱ्या होत्या. आजचा बिनसहीवाला दहा वर्षांनी सहीवाला व्हायचा. खालची पायरीच काढली तर वर कोण येणार? माझा मुलगा येईल, तो काहीही झालं तरी माझ्याच चेंबरमध्ये बसणार आहे. भिवापूर-कुहीकडून आलेला, ज्याच्या खानदानात कुणी कोर्टाची पायरी चढला नाही, तो कुठून येणार? आणि हे असंच चाललं तर ह्या वर्गाचं राजकारण काय वळण घेईल? मतं येऊ द्या.

कुहीचा पोट्टा

गाव बरोबर हेरलं साहेब तुम्ही. तो मीच आहो असं समजा.

बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मधी परिपत्रक काढलं, शहरात ज्युनियरले महिन्याले २०,००० अन् गावाकडं १५,००० द्यावे. "द्यावे" हं, "द्यायलाच पाहिजे" नाही. कोणी देऊन राहिलं काय? मले पेट्रोलपुरते भेटते. बाकीचा पगार म्हणजे "शिकून राहिला ना बे".

अन् ते शिकणं म्हणजे काय ते सांगतो. तुमची तेच तारखेची यादी. मी एका केसमधी रात्रभर बसून ते करत होतो तं दिसलं का नोटीस ज्याच्या नावानं निघाली तो माणूस नोटिशीच्या आधीच मेला होता. मृत्यूचा दाखला वारस फेरफाराले जोडला होता, तीन फाईली सोडून. सरांच्या ध्यानात नव्हतं, समोरच्या वकिलाच्याही नाही. सगळी केस त्याच्यावर फिरली. त्याच्यानंतर सर मले "ए पोट्ट्या" म्हणनं सोडून नावानं हाका मारू लागले.

ते मशीननं केलं असतं तं तिनं त्या दोन तारखा एकाखाली एक लिहून देल्या असत्या. तुमाले दिसलं असतं, कारण तुमची नजर पंचवीस वर्षांत तयार झाली. माही कुठं तयार होईन?

टायपिंगसेंटर

मी कोर्टाबाहेरचा. टाइपरायटर होतं तवापासून बसतो, मग कॉम्प्युटर घेतला, मग प्रिंटर, मग स्कॅनर. दरवेळी लोक म्हणे आता तू संपला. संपलो नाही, कारण शपथपत्र कोणत्या मार्जिनमधी लागते, स्टॅम्प कुठं लावाचा, कोणत्या टेबलवरचा बाबू कोणता कागद परत फेकते, हे मले माहीत.

पण यावेळी गिऱ्हाईक मोबाइलवर मजकूर बनवूनच आणते. म्हणते, फक्त प्रिंट मार. प्रिंटचे पैसे अन् मजकुराचे पैसे यात फरक आहे ना बावा. तुमी सगळे वर्गाचं बोलून राहिले, मले तर पानामागचा रेट दिसते.

लेजरकीपर

निवृत्त बँक कर्मचारी. युनियनचा जुना कार्यकर्ता. ह्या धाग्यावर मी लिहिलं नाही तर कोण लिहिणार?

१९८० च्या दशकात मी नागपुरातल्या सदर भागातल्या एका शाखेत बचत खात्याच्या लेजरवर होतो. महिन्याला बॅलन्सिंग असायचं. शेकडो खात्यांच्या शिलका हाताने कागदावर उतरवायच्या, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी जुळवायची. पंधरा पैशांचा फरक आला तरी घरी जायचं नाही. फरक भागिले नऊ जातो का ते आधी बघायचं. गेला तर समजायचं की कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ६३ चे ३६. हे पुस्तकात नव्हतं, बाजूच्या खुर्चीवरच्या जोशीकाकांनी शिकवलं.

१९८४ ला रंगराजन समितीचा यांत्रिकीकरणावरचा अहवाल आला. त्याच्या आगेमागे, १९८३ आणि १९८७ ला, आमच्या संघटनांनी बँकांच्या असोसिएशनशी करार केले. मशीन किती आणि कुठे बसवायची यावर मर्यादा, कुणालाही कामावरून काढायचं नाही, मशीनवर बसणाऱ्याला वेगळा भत्ता. आज लोक हसतात, "युनियनवाले कॉम्प्युटरला विरोध करायचे." आम्ही कॉम्प्युटर अडवला नाही, त्याच्या अटी ठरवल्या. ते का जमलं? मालक थोडे, तेही सरकारी, आणि आम्ही लाखोंनी एका छताखाली. वकिलांचे ज्युनियर हजार चेंबरमध्ये एकेकटे. वाटाघाट कुणाशी करणार?

पण ह्यातलं एक जे आम्ही उघड बोलत नाही तेही सांगतो. करारात टेबलावरच्या प्रत्येकाची काळजी घेतली होती. जो अजून भरतीच झाला नव्हता त्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं. पुढे क्लार्कची भरती वर्षानुवर्षं जवळपास बंद राहिली आणि २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये (स्वेच्छानिवृत्ती) सुमारे १ लाख लोक बाहेर पडले. मोर्चा निघाला नाही, कारण ज्याला नोकरी लागलीच नाही तो कुठल्या शाखेसमोर घोषणा देणार? कुहीच्या पोट्ट्याची अडचण तीच आहे. त्याला कुणी काढलेलं नाही. त्याला फक्त कुणी घेणार नाही.

ट्रायलबॅलन्स

@लेजरकीपर काका, नऊने भागायची युक्ती आम्हाला कुणी शिकवली नाही. आता लागतही नाही म्हणा.

आर्टिकलशिप करतेय. आधी ३ वर्षांची होती, २०२३ पासून २ वर्षांची झाली. म्हणजे शिकायचा वेळ आधीच कमी झाला, त्यात शिकायचं कामही चाललं. जीएसटीचं २बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचा उतारा) आणि खरेदीचं रजिस्टर जुळवणं हे आमचं हमालीचं काम. इतवारीतल्या व्यापाऱ्याकडून पिशवीभर बिलं यायची, थर्मल कागदाची, अर्धी उडालेली. ती डोळ्याला लावून वाचताना कळायचं की हा पुरवठादार दर तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यातच का उगवतो. आता बिलाचा फोटो काढला की रकाने भरले जातात.

सरांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, "तू आता जजमेंटचं काम कर." बावीस वर्षांच्या मुलीला जजमेंट येतं कुठून, हे त्यांनी सांगितलं नाही.

संत्राबर्फी

सगळे प्रतिसाद वाचले. गिऱ्हाइकाचा विचार अजून कुणी केलेला दिसत नाही.

माझ्या भासऱ्यांची उमरेडकडे शेती आहे. त्यांना कर्जवसुलीची नोटीस आली, सरफेसी कायद्याखाली. इंग्रजीत, चार पानं. घरात रडारड. भाच्याने मोबाइलवर फोटो काढून विचारलं. मराठीत उत्तर आलं की ह्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमिनीवरच्या तारणाला सूट आहे, हे वकिलाला विचारा. मग वकिलाकडे गेले ते प्रश्न घेऊन गेले. आधी काय व्हायचं? "कागद ठेवून जा, पुढच्या मंगळवारी या." तुमच्या सहीची किंमत ज्ञानाची किती आणि समोरच्याला काही कळत नाही ह्याची किती, हा हिशेब एकदा मांडा. तुमचा वर्ग अडचणीत आला की लगेच समाजावर संकट. माझ्या भासऱ्यांच्या वर्गाला पहिल्यांदा काही फुकट मिळतंय.

सिव्हिललाइन्स

@संत्राबर्फी, रास्त बोललात. आमच्या धंद्याची अर्धी कमाई समोरच्याच्या घाबरण्यावर चालत आली आहे, हे मी बार रूममध्येही म्हणतो. कलम ३१ (आय) बरोबर आहे. मात्र जमीन नुसती सातबाऱ्यावर शेतजमीन असून भागत नाही, प्रत्यक्ष वापर काय, अकृषक झाली का, त्यावर वाद होतो. भासऱ्यांना म्हणावं पीकपेऱ्याची नोंद आणि फोटो जपून ठेवा. (फी लागणार नाही.)

@ट्रायलबॅलन्स, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडेही उत्तर नाही.

धंतोलीडॉक

रेडिओलॉजिस्ट. थोडक्यात.

२०१६ मध्ये एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाच-दहा वर्षांत मशीन पुढे जाईल. आजही एमडी रेडिओलॉजीच्या जागा सगळ्यांत आधी भरणाऱ्यांत आहेत. तेव्हा घबराट आवरा.

पण धागाकर्त्याच्या सिद्धांतात एक भोक आहे. टीबीच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे मशीनने वाचला तरी चालेल, अशी शिफारस डब्ल्यूएचओने २०२१ मध्येच केली. १५ वर्षांवरच्यांसाठी, माणूस वाचणारा नसला तरी. म्हणजे जिथे सहीवाला मुळात पोचलाच नाही तिथे सही लागत नाही. धंतोलीसारख्या शहरी वस्तीत लागते. कवच कायद्याचं आहे म्हणता, मला ते राहण्याच्या पत्त्याचं दिसतं. आणि उद्या गडचिरोलीत जे चाललं ते स्वस्त आहे म्हणून विमा कंपनी धंतोलीतही मागेल.

मिहानवाला

आमच्याकडे तर सहीच नाही! सॉफ्टवेअर लिहायला सनद लागत नाही, त्यामुळे वकिलांसारखं कवचही नाही. आमची बातमी उलटी आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० च्या वर माणसं कमी करायचं जाहीर केलं तेव्हा भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. कंपनीने कारण एआय नसून कौशल्याचा मेळ बसत नाही असं दिलं. जे असेल ते. खालून नवीन पोरं साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, आणि तो आकडा दहा-बारा वर्षांत जागचा फारसा हललेला नाही. मग वरच्याला बारा-पंधरा लाख का द्यायचे, असा सरळ हिशेब.

माझ्या कंपनीत (नाव विचारू नका) एचआरने एका खोलीत बोलावून सांगितलं, स्वतः राजीनामा दिलास तर एक्सपीरियन्स लेटर स्वच्छ देतो. समोर टिश्यू पेपरचा डबा आधीच ठेवलेला. म्हणजे आपल्याआधी किती जण येऊन गेले ते कळलं. बाहेर आल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, तर अर्ध्या लोकांनी ग्रुप सोडला. उद्या नाव कुठल्या यादीत लागेल ही भीती.

कायद्याचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू आहेत. ३०० पेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याला कपातीसाठी आता सरकारची परवानगी लागत नाही, पूर्वी ही मर्यादा १०० होती. काढलेल्या कामगारासाठी १५ दिवसांच्या पगाराएवढा पुनर्कौशल्य निधी आहे. पण "कामगार" कोण? सुपरवायझर असून १८,००० च्या वर पगार असला की तुम्ही त्यात नाही. आमच्याकडे प्रत्येकाच्या कार्डावर लीड, मॅनेजर, कन्सल्टंट असं काहीतरी असतंच. तेव्हा मिरवायला बरं वाटायचं.

मिलवस्ती

आता जरा लांबचं सांगतो, शेवटपर्यंत वाचा.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली. पुढे १९८६ ला सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ ला बंद. आता तिथे मॉल आहे, गांधीसागरजवळ, तुम्ही सगळे जाता.

ह्या मिलची एक गोष्ट इथल्या चर्चेला नेमकी लागू पडते. सूत कातायला तेव्हा लँकेशायरमध्ये म्यूल नावाचं यंत्र चालायचं. त्यावरचा कारागीर मोठा कसबी, संघटना जबरदस्त. आणि त्याच्या हाताखाली तुटलेला धागा जोडणारी पोरं असायची, त्यांना पीसर म्हणत. त्या पोरांना पगार मालक देत नसे. तो कारागीरच स्वतःच्या मजुरीतून द्यायचा, किती द्यायचा तेही तोच ठरवायचा. पोरगा वर्षानुवर्षं थांबायचा, की कधीतरी आपणही म्यूल चालवू. बरेचसे थांबतच राहिले. वकीलसाहेब, ओळख पटली का?

मग रिंग स्पिंडल हे सूतकताईचं नवं यंत्र आलं. त्याला तेवढं कसब लागत नसे. लँकेशायर म्यूल धरून बसलं आणि टाटांनी नागपुरात १८८० च्या दशकात रिंग बसवून पाहिलं. पुढे जगभर रिंगच चाललं. त्यात पीसरचं काम तर गेलंच, पण म्यूलवाल्याचंही गेलं. "मला कवच आहे" असं त्यालाही वाटायचं, आणि त्याची संघटना आजच्या बार असोसिएशनपेक्षा बळकट होती. सही आज तुमची आहे. उद्या विमा कंपनीने, बँकेने, बिल्डरने एकेक पगारी वकील ठेवून हजार फाईली त्याच्या सहीने काढल्या तर कायदा मोडतो का? नाही मोडत.

दुसरं. आमच्या वस्तीत "मशीन जात विचारत नाही" हे वाक्य फार ऐकलंय. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पैसा जास्त होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची अडचण. यंत्र तेच, छत तेच, युनियनही तीच. बाबासाहेबांनी हे कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारलं. १९३८ ला मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते ह्या अनुभवातून. जातीने नुसतं काम वाटलेलं नाही, काम करणारे वाटलेत, हेही त्यांचंच.

म्हणून एआयने "पांढरपेशा" वर्ग धोक्यात येतोय म्हणताना कोणता पांढरपेशा ते विचारा. आजोबा मिलमध्ये, वडील राखीव जागेवर बँकेत, मी खासगीत. तिसऱ्या पिढीला राखीव जागा नाही, वशिला नाही, काकांचं चेंबर नाही. आम्ही आत शिरतो ते खालच्या पायरीवरूनच, फुकट राबून, चांगलं काम दाखवून. तीच पायरी गेली तर उरतो तो नातेवाइकांचा दरवाजा. त्याला एआय हात लावणार नाही.

लेजरकीपर

@मिलवस्ती, पीसरचं ठाऊक नव्हतं. उत्तम प्रतिसाद.

पदवीधरमतदार

वर्ग-राजकारण विचारलंय म्हणून थोडं निवडणुकीचं. (संपादक मंडळ, पक्षांवर काही टिप्पणी करत नाही, निश्चिंत राहा.)

आपल्या ह्या वर्गाला विधान परिषदेत स्वतःचा मतदारसंघ आहे, असं भाग्य गिरणी कामगाराला कधी लाभलं नाही. नागपूर पदवीधर मतदारसंघ अनेक दशकं भाजपकडे होता, गंगाधरराव फडणवीस आणि नितीन गडकरी तिथून निवडून गेले. २०२० ला तो काँग्रेसकडे गेला. २०२३ ला शिक्षक मतदारसंघही फिरला, तेव्हा प्रचारात जुनी पेन्शन गाजली होती आणि दीड महिन्यात राज्य कर्मचाऱ्यांचा त्याच मागणीचा संप झाला. म्हणजे सुशिक्षित माणूस वर्ग म्हणून मत देत नाही ही थाप आहे. पेन्शनला देतो. कारण पेन्शनवाल्याकडे संघटना, वर्गणी, व्हॉट्सॲप ग्रुप, निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ सगळं आहे.

ज्याची अजून नोकरीच नाही असा पदवीधर त्याच मतदार यादीत आहे. फॉर्म १८, म्हणजे नोंदणीचा अर्ज, भरायचा कंटाळा करतो. पदवी मिळून तीन वर्षं झालेला माणूस नोंदणी करू शकतो. मुदत सहा वर्षांची, म्हणजे २०२६ अखेर पुन्हा निवडणूक. "एआयमुळे कमी झालेल्या पहिल्या नोकरीचं काय?" हा प्रश्न एकाही उमेदवाराला विचारला जाणार नाही, ही पैज लावायला मी तयार आहे.

अवांतर: १९२९ ला आयटक ह्या कामगार संघटनांच्या महासंघाचं अधिवेशन नागपुरात झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ब्रिटिश सरकारच्या कामगारविषयक रॉयल कमिशनवर बहिष्कार घालायचा की नाही यावरून फूट पडली आणि ना. म. जोशी आपला गट घेऊन बाहेर पडले. तेव्हा "सगळ्या कामगारांनी एक व्हा" असं म्हणायचं असेल तर दुसरं शहर निवडा.

मिहानवाला

अवांतराला +१ 😄 पण पोलिसांचा एआयसुद्धा इथूनच चालू झाला हेही लक्षात असू द्या. २०२४ ला राज्य सरकारने पोलिसांच्या एआयसाठी "मार्व्हल" ही कंपनी काढली, आयआयएम नागपूरला सोबत घेऊन. त्याआधी २०२१ पासून आपल्या शहर बसमध्ये आयरास्ते ह्या रस्ता-सुरक्षा प्रकल्पाचे कॅमेरे, पुढे धडक होण्याची शक्यता दिसली की ड्रायव्हरला इशारा. अपघात कमी व्हावेत, चांगलंच आहे. पण इशारा कुणाच्या कानात वाजतो आणि नोंद कुणाच्या टेबलावर जाते, एवढं विचारायला ड्रायव्हरचा प्रतिनिधी कुठल्या बैठकीत असतो का?

सिव्हिललाइन्स

पुष्कळ शिकायला मिळालं. मिलवस्ती, म्यूलवाल्याची गोष्ट झोंबली आणि पटलीही.

आता प्रत्यक्ष करता येईल असं काही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. चेंबरं त्यात बसत नाहीत, पण तत्त्व उचलता येईल. आमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत ठराव मांडायचा विचार आहे: पंधरा वर्षांवर प्रॅक्टिस असलेल्या प्रत्येकाने किमान एक ज्युनियर ठेवावा, तो जवळचा नातेवाईक नसावा आणि मानधन बार कौन्सिलच्या आकड्याइतकं असावं. एआयने माझा जो वेळ वाचतो त्यातून हे सहज निघतं.

संत्राबर्फी

आणि ते २०,००० माझ्या भासऱ्यांच्या फीमध्ये लागणार ना?

सिव्हिललाइन्स

लागू नयेत. पण ठरावात तसं कलम घालणं कठीण, फी हा खासगी विषय.

टायपिंगसेंटर

कठीण म्हणजे लागन.

कुहीचा पोट्टा

साहेब, ठराव मांडून राहिले त्याच्यासाठी आभार. खरंच. पण नुसतं "ठेवावा" लिहाल तं आमाले ठेवतीन अन् झेरॉक्सले पाठवतीन.

माही एक मागणी जोडा. दाव्याच्या खाली तुमची सही राहते, बरोबर. तिच्याखाली लिहा: मसुदा कोणी केला, अन् मशीननं केला असंल तं तपासला कोणी. नाव अन् सनद क्रमांक. मी तपासला असंल तं माह्या नावानं जाऊ द्या. खोटा निवाडा निघाला तं मले पण जबाबदार धरा. मी तयार आहो. नाव नसंल तं दहा वर्षांनंतर मी काय दाखवू, का मी काय काय केलं म्हणून?

ट्रायलबॅलन्स

हे आमच्याकडेही हवं. वर्किंग पेपरवर "तयार केले / तपासले" असे रकाने असतात, पण ते फाईलमध्ये राहतात. बाहेर जातो तो फक्त सरांचा शिक्का.

सिव्हिललाइन्स

@कुहीचा पोट्टा, कल्पना आवडली, पण दोन अडचणी. पक्षकाराशी करार माझा आहे, तुमचा नाही. आणि पंचवीस वर्षांच्या पोरावर शिस्तभंगाची कारवाई ओढवली तर त्याची वकिली धड सुरू होण्याआधीच डाग लागेल. सिनियर लोक चूक झाली की ज्युनियरकडे बोट दाखवतील, हे मी ह्याच धंद्यात राहून सांगतो. "तपासले" एवढंच लिहायचं, जबाबदारी सिनियरचीच, असं चालेल का?

मिलवस्ती

नाही चालणार. जबाबदारी नाही म्हटलं की उद्या म्हणाल, मग फीमध्ये वाटा कशाला? नाव, जबाबदारी आणि वाटा तिन्ही एकाच कलमात लिहा, टक्का ठरवून. सिनियर बोट दाखवतील ही भीती खरी आहे, म्हणून मसुदा कधी, कुणी, कशात केला ह्याची नोंद चेंबरने ठेवावी असं उपकलम टाका. टक्का किती, ते बैठकीत भांडू. बैठक कधी आहे, सकाळी की कोर्ट सुटल्यावर? ज्युनियर पोरांना यायचं तर कोर्ट सुटल्यावर ठेवा, सकाळी ते तुमच्याच फाईली घेऊन पळत असतात.